शिंतो देवस्थानांतील प्राणिदूत कसे ओळखावेत

जपानला गेलेला मराठी माणूस शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थानाच्या दारात दगडी कोल्हा, बैल किंवा माकड पाहतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘वाहन’. गणपतीला उंदीर, शंकराला नंदी, खंडोबाला घोडा, तसाच इनारी या जपानी देवाला कोल्हा, अशी जोडणी आपण क्षणात करून टाकतो. ही जोडणी सोयीची असली तरी चुकीची आहे, आणि ती एकदा मनात बसली की पुढचे बरेच काही दिसेनासे होते. जपानी भाषेत या प्राण्यांना ‘शिनशि’ म्हणजे देवाचे दूत, किंवा जुन्या शब्दात ‘त्सुकावाशिमे’ असे म्हणतात. वाहन देवाला घेऊन जाते. दूत देवाचा निरोप आणतो, इशारा देतो, वाट दाखवतो आणि देव जिथे दिसत नाही तिथे त्याची खूण म्हणून उभा राहतो. शिंतो परंपरेत देवाची मूर्ती भाविकांसमोर सहसा नसते. गाभाऱ्यात आरसा, तलवार किंवा अशीच एखादी पवित्र वस्तू असते आणि तीही कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्यामुळे आवारात डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्यावरून आतला देव ओळखण्याची रीत ज्याला येते, त्याला देवस्थानाचा अर्धा इतिहास फाटकापाशीच कळतो. ही रीत फारशी अवघड नाही; मात्र ती क्रमाने शिकावी लागते.

आधी राखणदार वेगळे काढावेत

तोरिई म्हणजे देवस्थानाची कमान. तिच्यापुढे थांबून थोडे वाकावे आणि मग आत पाऊल टाकावे. वाटेचा मधला भाग देवाचा मानला जात असल्यामुळे कडेने चालावे. थोडे पुढे गेल्यावर वाटेच्या दोन्ही बाजूंना जी जोडी दिसते, ती बहुतेक ठिकाणी कोमाइनूंची असते. सिंह आणि कुत्रा यांच्या मधले वाटणारे हे प्राणी चीन आणि कोरियामार्गे जपानला पोहोचले आणि ‘कोमा’ हे कोरियाचेच जुने जपानी नाव आहे. कोमाइनू हे दूत नसून राखणदार आहेत. कोणत्याही देवाच्या दारात ते उभे राहू शकतात, म्हणून त्यांच्यावरून आतला देव कोण हे कळत नाही.

त्यांच्या तोंडाकडे मात्र अवश्य पाहावे. एकाचे तोंड उघडे असते, दुसऱ्याचे मिटलेले. उघड्या तोंडाला ‘आ’ आणि मिटलेल्या तोंडाला ‘उन’ म्हणतात. हे मुळात संस्कृतातील ‘अ’ आणि ‘हूं’ आहेत, आणि ते बौद्ध मंत्रविद्येबरोबर जपानला गेले. आरंभ आणि शेवट असा त्यांचा अर्थ तिथे लावला जातो. दोन माणसांचे न बोलताही सूत जुळले, तर जपानी माणूस आजही त्याला ‘आ-उनचा श्वास’ म्हणतो.

कोमाइनूंच्या जागी दुसरेच प्राणी बसलेले दिसले, तर तिथे थांबावे. राखणदाराच्या जागेवर बसलेला कोल्हा, ससा, उंदीर किंवा लांडगा हा बहुधा त्या देवाचा दूतच असतो. सायतामातील उरावा येथे ‘त्सुकी’ नावाचे देवस्थान आहे. तिथे तोरिई नाही आणि कोमाइनूही नाहीत; दोन्ही बाजूंना ससे आहेत. ‘त्सुकी’ हे नाव मूळचे करभाराच्या धान्याशी निगडित आहे, पण चंद्रालाही जपानीत ‘त्सुकी’च म्हणतात, आणि या उच्चारसाम्यातून चंद्राचा ससा देवस्थानात आला. चंद्रावरचा ससा आपल्याला अनोळखी नाही. शशांक आणि शशी ही चंद्राची नावे आपण रोज वापरतो. स्वतःचा देह अग्नीत अर्पण करणाऱ्या सशाची जातककथा भारतातून निघून जपानी कथासंग्रहांत पोहोचली, ही तर नोंदलेलीच गोष्ट आहे.

एक इशारा इथेच देतो. आवारात दिसणारा प्रत्येक प्राणी दूत नसतो. नवीन वर्षाच्या सुमारास देवस्थाने ज्या प्राण्याच्या चित्राच्या लाकडी पाट्या विकतात, तो बारा वर्षांच्या चक्रातील त्या वर्षाचा प्राणी असतो: 2025 साली साप, 2026 साली घोडा. निक्को येथील तोशोगू या देवस्थानातील कान, तोंड आणि डोळे झाकलेली तीन माकडे जगप्रसिद्ध आहेत. पण ती कोरली आहेत देवाच्या घोड्याच्या तबेल्यावर, कारण माकड घोड्यांचे रक्षण करते अशी जुनी समजूत होती. घोडा स्वतः देवाला अर्पण केलेले जनावर असे. क्योटोच्या उत्तरेला किफुने येथे पाऊस पडावा म्हणून काळा आणि थांबावा म्हणून पांढरा घोडा वाहत. पुढे जिवंत घोड्याच्या जागी घोड्याचे चित्र काढलेली फळी आली. आज नवस लिहिण्याच्या लाकडी पाटीला जे ‘एमा’ म्हणजे चित्रातला घोडा हे नाव आहे, ते तिथूनच आले आहे.

कोल्ह्यावरून सुरुवात करावी

ओळखीचा सराव करायला कोल्ह्याइतका चांगला प्राणी नाही, कारण इनारीची देवस्थाने जपानभर आहेत. त्यांची संख्या सुमारे 30,000 असल्याचे सांगितले जाते, आणि घरांच्या परसातील, दुकानांच्या गच्चीवरील छोटी देवळे त्यांत धरलेली नाहीत. या सर्वांचे मूळ स्थान क्योटोच्या दक्षिणेकडील फुशिमी इनारी ताइशा हे आहे, आणि त्याची स्थापना परंपरेने 711 सालची मानली जाते. इथला मुख्य देव म्हणजे उकानोमितामा, भाताचा आणि अन्नाचा देव. मागाहून व्यापार, धंदा आणि बरकत हेही त्याच्याच अखत्यारीत आले.

अनेक प्रवासी इनारीला ‘कोल्ह्याचा देव’ म्हणून मोकळे होतात. देवस्थानाचे स्वतःचे म्हणणे मात्र स्पष्ट आहे की कोल्हा हा देव नव्हे, तो देवाचा सेवक आहे. इतकेच नव्हे, तर रानातला तांबूस कोल्हाही तो नव्हे. त्याला ‘ब्याक्को’ म्हणजे पांढरा कोल्हा म्हणतात आणि इथे पांढरा याचा अर्थ माणसाच्या डोळ्याला न दिसणारा असा घेतला जातो. दगडातला कोल्हा ही त्या न दिसणाऱ्या सेवकाची खूण आहे. हे लक्षात ठेवले की मूर्तीपुढे काय मागावे आणि काय मागू नये, याचा उलगडा होतो: नमस्कार कोल्ह्यालाही करावा, पण मागणे देवाकडेच मांडावे.

कोल्हाच का, याची दोन स्पष्टीकरणे ऐकायला मिळतात. पहिले शेतकऱ्याचे आहे. पेरणीच्या दिवसांत कोल्हे डोंगरातून शेताकडे उतरतात, धान्य खाणारे उंदीर मारतात आणि पीक निघाल्यावर पुन्हा डोंगरात जातात. डोंगरातला देवही वसंतात शेतात येतो आणि शरदात परत जातो, म्हणून दोघांचे येणे-जाणे जुळले. दुसरे स्पष्टीकरण शब्दाचे आहे. अन्नदेवाचे एक जुने नाव ‘मिकेत्सु’ आणि कोल्ह्याचे जुने नाव ‘कित्सु’ किंवा ‘केत्सु’. त्यामुळे हे नाव लिहिताना ‘तीन कोल्ह्यांचा देव’ असा अर्थ होणारी चित्राक्षरे वापरली गेली. मला पहिले अधिक पटते, कारण ज्यांनी भाताची शेती पाहिली आहे त्यांना उंदरांचा उपद्रव समजावून सांगावा लागत नाही.

आता मूर्तीजवळ जाऊन कोल्ह्याच्या तोंडात काय आहे ते पाहावे. साधारणपणे चार वस्तू आढळतात. किल्ली ही भाताच्या कोठीची. गोल मणी हा देवाच्या सामर्थ्याचा. लोंबी ही पिकाची. आणि गुंडाळी ही ज्ञानाची. समोरासमोरच्या जोडीत बहुधा एकाकडे किल्ली आणि दुसऱ्याकडे मणी असतो. एदो (आजचे तोक्यो) शहरातील आतषबाजी करणाऱ्या दोन प्रसिद्ध घराण्यांची नावे, कागिया म्हणजे किल्लीवाले आणि तामाया म्हणजे मणीवाले, या कोल्ह्यांवरूनच पडली. उन्हाळ्यातील आतषबाजीच्या वेळी आकाशात फुलझाड उमलले, की लोक आजही ‘तामाया! कागिया!’ अशी आरोळी देतात.

फुशिमीला जाणाऱ्यांनी 1589 साली तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या देणगीतून उभे राहिलेल्या दुमजली वेशीपुढचे छायाचित्र काढून आणि लाल कमानींच्या बोगद्यातून थोडे चालून माघारी फिरू नये. इनारी डोंगर 233 मीटर उंच आहे आणि पूर्ण फेरीला सुमारे दोन तास लागतात. वर जावे तशी गर्दी विरळ होते आणि ‘ओत्सुका’ दिसू लागतात. हे भाविकांनी आपापल्या श्रद्धेतल्या देवनामाचे उभे केलेले दगड असतात. त्यांच्या भोवती लहान कमानी आणि लाल लाळेरी बांधलेले लहान-मोठे कोल्हे असतात. शेकडो कुटुंबांची खाजगी श्रद्धा तिथे उघड्यावर ठेवलेली आहे. तिथे आवाज खाली ठेवावा, दगडांवर बसू नये आणि छायाचित्रासाठी कोल्हा उचलून हातात घेऊ नये.

इनारीचा नैवेद्य म्हणजे तेलात तळलेला तोफू, म्हणजे आबुराआगे. ‘इनारीझुशी’ या नावाने मिळणारा, तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात हा त्याचाच नातेवाईक. तो शाकाहारी माणसालाही बहुधा चालतो. फक्त तोफू शिजवताना माशाचा रस वापरतात, म्हणून विचारून घ्यावे. नैवेद्य उघड्यावर ठेवला की कावळे आणि रानटी जनावरे येतात, म्हणून अनेक देवस्थानांत तो दाखवून परत न्यायला सांगतात. ती सूचना पाळावी.

एका ठिकाणी ही सारी रीत फसते, आणि ते ठिकाण भारतीय वाचकाने मुद्दाम पाहावे. आइची प्रांतातील तोयोकावा इनारी येथे कोल्ह्यांच्या असंख्य मूर्ती आहेत, तरी ते शिंतो देवस्थान नसून झेन पंथाचे बौद्ध मंदिर आहे. तिथली देवता दाकिनितेन, पांढऱ्या कोल्ह्यावर बसलेली. ही आपली डाकिनी. आपल्याकडे ‘डाकीण’ हा शब्द आज भीतीने किंवा शिवी म्हणून उच्चारला जातो. तिकडे तीच देवता इनारीशी एकरूप होऊन बरकतीची झाली. आणि इथे कोल्हा खरोखरच वाहन आहे.

बाकीच्या दूतांची ओळख

बैल दिसला तर आत तेन्जिन, म्हणजे देवपदाला पोहोचलेला विद्वान सुगावारा नो मिचिझाने आहे असे समजावे. 845 साली, बैलाच्या वर्षी जन्मलेला हा राजदरबारी कवी आणि पंडित 901 साली प्रतिस्पर्ध्यांच्या कारस्थानामुळे दूर क्यूशू बेटावरील दाझाइफुला पाठवला गेला आणि 903 साली तिथेच वारला. त्याचा देह नेणारा बैल वाटेत बसला तो उठेना, म्हणून तिथेच त्याला पुरले आणि तिथे दाझाइफु तेनमांगू उभे राहिले, अशी कथा आहे. म्हणून तेनमांगूंचा, म्हणजे तेन्जिनच्या देवस्थानांचा, बैल बसलेला असतो. तो हात लावण्यासाठीच ठेवलेला आहे: आपला जो अवयव दुखतो, बैलाचा तोच अवयव कुरवाळावा, विद्यार्थ्यांनी डोके कुरवाळावे. परीक्षेच्या मोसमात बैलाचे कपाळ तुकतुकीत दिसते. क्योटोच्या कितानो तेनमांगूला जायचे असेल, तर महिन्याच्या 25 तारखेला जावे; मिचिझानेच्या जन्माचा आणि मृत्यूचा आकडा एकच असल्यामुळे त्या दिवशी तिथे मोठा बाजार भरतो.

माकड दिसले तर तो सान्नो, म्हणजे हिएई पर्वताचा देव. त्याचे मूळ स्थान ओत्सुजवळील हियोशी ताइशा. इथल्या माकडाला ‘मासारु’ म्हणतात. या उच्चारात ‘अरिष्ट निघून जाते’ आणि ‘वरचढ ठरणे’ असे दोन्ही अर्थ ऐकू येतात. पश्चिमेकडील मुख्य मंदिराच्या वेशीपाशी मान वर करून छपराचे चारही कोपरे पाहावेत: प्रत्येक कोपऱ्यात एक माकड छप्पर तोलून बसले आहे. तोक्योतील हिए देवस्थानात माकडांची जोडी आहे आणि त्यातील मादीच्या कुशीत पिल्लू आहे, म्हणून विवाह आणि सुखरूप बाळंतपण यांसाठी लोक तिथे येतात.

कबुतर हाचिमानचे, म्हणजे योद्ध्यांच्या देवाचे. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमांगूमध्ये वर लावलेल्या नामफलकातील पहिले चित्राक्षर, म्हणजे ‘आठ’ हा आकडा, नीट पाहावे. त्याच्या दोन रेघा म्हणजे दोन कबुतरे आहेत. रानडुक्कर दिसले तर क्योटोचे गोओ देवस्थान आठवावे. 769 साली दोक्यो या भिक्षूला सम्राटपद देण्याचा घाट ज्याने मोडला, त्या वाके नो कियोमारोला वाटेत 300 रानडुकरांनी संरक्षण दिले आणि त्याचे दुखावलेले पायही बरे झाले, अशी कथा असल्यामुळे पाय-कंबरेच्या दुखण्याचे भाविक तिथे जातात. कासव आणि मासा हे मात्सुनोओ ताइशाचे, मद्य बनवणाऱ्यांच्या देवाचे दूत आहेत. मिशिमा ताइशाचा दूत तर बाम मासा आहे.

कावळ्यावर थोडे थांबले पाहिजे. कुमानो परिसरातील तिन्ही मोठ्या देवस्थानांचा दूत म्हणजे यातागारासु हा कावळा. आद्य सम्राट मानल्या जाणाऱ्या जिम्मूला डोंगराळ मुलखातून याने वाट दाखवली, असे 712 सालच्या ‘कोजिकी’त आणि 720 सालच्या ‘निहोन शोकी’त आहे. चित्रांत त्याला तीन पाय असतात, पण या दोन्ही ग्रंथांत पायांची संख्या दिलेली नाही. तीन पायांचा कावळा ही सूर्याशी निगडित चिनी कल्पना मागाहून त्याच्यात मिसळली. जपानच्या फुटबॉल संघाच्या छातीवरचा पक्षी हाच. कुमानोहून काही आणायचे असेल, तर कावळ्यांच्या आकृतींनी अक्षरे रचलेला ‘गोओ’ हा कागदी ताईत आणावा. पूर्वी शपथा आणि करार याच्या मागच्या बाजूला लिहीत, आणि शब्द मोडणाऱ्यामुळे कुमानोत कावळा मरतो, अशी श्रद्धा होती. एकाच्या खोटेपणाची शिक्षा निरपराध दूताला होते, ही कल्पना मला फार गंभीर वाटते.

साप आणि उंदीर यांच्यापाशी जपून बोलावे. नारा प्रांतातील ओमिवा देवस्थानात गाभाराच नाही. मागचा मिवा डोंगर हेच देवाचे शरीर. इथल्या ओमोनोनुशी देवाने पत्नीला आपले खरे रूप दाखवले ते लहानशा सापाचे, असे ‘निहोन शोकी’ सांगते. म्हणजे इथे सापाला केवळ दूत म्हणता येत नाही. आवारातील एका जुन्या सुगी वृक्षाच्या ढोलीत पांढरा साप राहतो असे मानून भाविक तिथे अंडी आणि साके, म्हणजे तांदळाचे मद्य, ठेवतात. दुसरीकडे बेन्झाइतेनचा पांढरा साप आहे. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. तिच्या हातात वीणेच्या जागी बिवा हे वाद्य आहे, आणि हंस-मोराच्या जागी साप आला तो पाण्याशी आणि धनाशी असलेल्या संबंधामुळे. उंदीर दाइकोकुतेनचा, म्हणजे महाकालाचा. ‘दाइकोकु’ हा उच्चार ओकुनिनुशी या जपानी देवाच्या नावातील चित्राक्षरांचाही होतो, म्हणून दोघे एक झाले. आणि ‘कोजिकी’त पेटलेल्या माळरानावर ओकुनिनुशीला बिळाची जागा दाखवून वाचवणारा उंदीरच होता. तेव्हा जपानी उंदरात आपल्या गणपतीचा मूषक शोधू नये. गणपतीही जपानला गेला, त्याला तिथे कांगितेन म्हणतात. पण त्याच्यापुढे वाहतात तो पांढरा मुळा.

जिवंत दूतांपुढे कसे वागावे

नारा येथील कासुगा ताइशाची स्थापना 768 सालची. ताकेमिकाझुची हा देव पूर्वेकडील काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून इथे आला, अशी परंपरा आहे. म्हणजे हे हरीण आधी वाहन होते आणि पुढे त्याच्या सगळ्या वंशालाच दूताचा मान मिळाला. आज नाराच्या उद्यानात आणि डोंगरउतारावर बाराशेंहून अधिक हरणे आहेत. ती पाळीव नाहीत, रानटी आहेत, आणि 1957 सालापासून त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा आहे. हात धुण्याच्या कुंडावर एरवी ड्रॅगनच्या तोंडातून पाणी येते. कासुगाला ते बसलेल्या हरणाच्या तोंडातून येते.

हरणांना फक्त ‘शिका-सेन्बेइ’ हीच बिस्किटे द्यावीत. ती तांदळाचा कोंडा आणि गव्हाच्या पिठाची असतात, त्यांत साखर नसते आणि गड्डीभोवतीची कागदी पट्टी हरणाने खाल्ली तरी चालते. विक्रीतील काही भाग हरणांच्या देखभालीसाठी जातो. दुसरे काहीही देऊ नये, आणि प्लास्टिकची पिशवी तर हातात उघडीही धरू नये. 2019 साली मेलेल्या अनेक हरणांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडले होते. हरीण मान लववते तेव्हा ते खाणे मागत असते. त्या वेळी बिस्किट दाखवून मागे ओढणे, त्याला ताटकळत ठेवून चित्रफीत काढणे हे करू नये. हरीण चिडते आणि चावते किंवा ढुशी देते. बिस्किटे संपली की दोन्ही रिकामे तळवे त्याला दाखवावेत, ते बहुधा निघून जाते. मे ते जुलै या काळात पाडसांजवळ जाऊ नये, कारण आई धावून येते. शरदात नर माजावर असतात, तेव्हा त्यांच्यापासून लांब राहावे. 1672 सालापासून नरांची शिंगे कापण्याची प्रथा आहे आणि आजही ऑक्टोबरमध्ये हा विधी होतो. शिंग कापताना हरणाला इजा होत नाही. देवाच्या दूताला मारायचे नाही आणि माणसालाही जखमी होऊ द्यायचे नाही, यावर काढलेला तो तोडगा आहे.

इसेच्या मोठ्या देवस्थानात कोंबडे मोकळे हिंडतात. सूर्यदेवी आमातेरासू गुहेत लपली तेव्हा तिला बाहेर काढण्यासाठी देवांनी दीर्घ आरवणारे पक्षी जमवले होते, त्यांचे हे वारस. त्यांचा पाठलाग करू नये, त्यांना खाऊ घालू नये.

एका दिवसाचा सराव

वाचून जेवढे कळते त्याहून चालून अधिक कळते, म्हणून क्योटोत एक सकाळ यासाठी राखून ठेवावी. राजवाड्याच्या उद्यानाच्या पश्चिमेला गोओ देवस्थान आहे. तिथे रानडुकरांपासून आरंभ करावा. मग उद्यानात शिरून राजवाड्याच्या भिंतीचा ईशान्य कोपरा गाठावा. ईशान्य ही जपानमध्ये अरिष्टाची दिशा, म्हणून तो कोपरा आत दुमडून बांधला आहे, आणि वळचणीखाली हियोशीचे माकड राखणीला बसवले आहे. त्याच्यासमोर तारेची जाळी दिसेल. ते रात्री उतरून खोड्या काढत असे, म्हणून जाळी लावली, असे सांगतात. तिथून मारुतामाची रस्त्याने पूर्वेकडे गेल्यावर ओकाझाकी देवस्थान लागते. तिथले ससे संततीसाठी आणि सुखरूप बाळंतपणासाठी. काळ्या सशावर पाणी ओतून त्याचे पोट कुरवाळण्याची रीत आहे. शेवटी ‘तत्त्वज्ञाच्या वाटे’च्या दक्षिण टोकाजवळचे ओतोयो देवस्थान गाठावे. तिथे एकाच लहानशा आवारात चार उपमंदिरे जवळजवळ आहेत, आणि त्यांच्यापुढे उंदीर, माकड, घार आणि कोल्हा बसले आहेत. पाटी न वाचता कोणता देव कोणता ते ओळखून पाहावे: उंदीर असेल तर दाइकोकु, माकड असेल तर हियोशी, कोल्हा असेल तर इनारी, आणि घार आतागोची, म्हणजे अग्नीपासून राखणाऱ्या देवाची.

प्रत्येक ठिकाणी क्रम तोच ठेवावा. कुंडावर पळीने आधी डावा हात धुवावा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन तोंड खळखळून पुन्हा डावा हात धुवावा आणि शेवटी पळी उभी करून तिची मूठ धुवावी. पळी तोंडाला लावू नये. मंदिरापुढे नाणे टाकून दोनदा वाकावे, दोनदा टाळी वाजवावी, मनातले सांगावे आणि एकदा वाकावे. पाच येनचे नाणे टाकतात, कारण ‘गो-एन’ या उच्चाराचा अर्थ ऋणानुबंध असाही होतो. दूताला नमस्कार देवाच्या दर्शनानंतर करावा, अशी माझी स्वतःची पद्धत आहे. नियम तसा नाही.

दूत घरी नेण्याविषयी

मातीचे कोल्हे, हरणाच्या तोंडातील चिठ्ठ्या, सशाच्या आकाराचे ताईत हे सगळे देवस्थानाच्या खिडकीत मिळते आणि खुशाल घ्यावे. पण दूत खऱ्या अर्थाने घरी नेण्याची एक प्रथा आहे, आणि ती लांडग्याची आहे.

सायतामातील चिचिबू डोंगरात मित्सुमिने नावाचे देवस्थान आहे, आणि तोक्योच्या पश्चिमेला मुसाशी-मिताके. दोन्हींच्या दारात लांडगे बसलेले असतात. राजपुत्र यामातो ताकेरू डोंगरात वाट चुकला असता पांढऱ्या लांडग्याने त्याला वाट दाखवली, ही त्यामागची कथा. शेतकऱ्यांना मात्र लांडगा वेगळ्याच कारणाने हवा होता: तो पिकांची नासाडी करणारी रानडुकरे आणि हरणे मारत असे. त्याला ‘ओइनुसामा’ म्हणजे श्वानमहाराज असे आदराने म्हणतात, आणि त्याचे चित्र असलेला कागद आग आणि चोरी यांपासून रक्षण व्हावे म्हणून दारावर लावतात. जपानी लांडग्याची शेवटची खात्रीची नोंद 1905 सालची, नारा प्रांतातील हिगाशी-योशिनोची आहे. ज्याचा दूत म्हणून मान ठेवला तो प्राणी जमिनीवरून नाहीसा झाला आणि दारावरच्या कागदात उरला. त्या दगडी लांडग्यांपुढे मी उभा राहतो तेव्हा मला ही गोष्ट विसरता येत नाही.

मित्सुमिनेची प्रथा अशी की भाविक देवाकडून त्याचा सेवक, म्हणजे ‘गोकेन्झोकु’, वर्षभरासाठी मागून घेतो. विधी करून सेवकाचा पवित्र कागद पेटीत दिला जातो. ती पेटी घरी स्वच्छ आणि उंच जागी ठेवतात. ती विकत घेतलेली नसते, उसनी घेतलेली असते, म्हणून वर्ष सरले की ती परत नेऊन द्यावी लागते आणि हवी असल्यास पुन्हा मागून घ्यावी लागते. परदेशातून आलेल्या आणि वर्षाने परत येण्याची खात्री नसलेल्या माणसाने ती मागू नये. त्याने लांडग्याचे चित्र असलेला साधा कागद घ्यावा. देवस्थानातून आणलेले कागद आणि ताईत जुने झाले तर कचऱ्यात टाकू नयेत. जपानमध्ये राहणाऱ्यांनी ते त्याच देवस्थानातील जुने कागद जमा करण्याच्या जागी ठेवून यावेत.